‘तुम्हाला कळतं, तुम्हीच करा’ म्हणणारा क्लायंट

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ठाण्यात राहतात आणि वागळे इस्टेटमधील एका गाळ्यात कॉलेजातील मित्रासोबत तीन माणसांचा लहानसा स्टुडिओ चालवतात. त्या डिझाइन पाहतात, मित्र प्रोग्रॅमिंग पाहतो आणि एक मुलगा दोघांच्या हाताखाली आहे. वाशीच्या मसाला बाजारातील एका घाऊक व्यापाऱ्याने किरकोळ दुकानदारांकडून ऑर्डर घेण्यासाठी त्यांना ॲप करायला सांगितले. काम चार लाखांत आणि तीन महिन्यांत करायचे ठरले, निम्मी रक्कम आगाऊ मिळाली. आता सातवा महिना सुरू आहे. पहिल्या बैठकीत शेठ म्हणाले होते, ‘तुम्हाला कळतं, तुम्हीच करा. सोपं पाहिजे आणि जरा भारी दिसलं पाहिजे.’ पहिले डिझाइन पाहून ते ‘ठीक आहे’ म्हणाले, दुसरे पाहून ‘मजा नाही आली’ म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांच्या मुलाने घरपोच जेवण देणाऱ्या एका ॲपचे स्क्रीनशॉट पाठवले आणि ‘असं करा’ म्हणून सांगितले. कोटेशनमध्ये ‘मोबाइल ॲप, ॲडमिन पॅनेल आणि आवश्यक ते बदल’ एवढाच मजकूर होता. क्लायंटने सर्व गरजा लेखी दिल्याशिवाय यापुढे कामाला हातच लावायचा नाही, असे मित्राचे म्हणणे आहे. पत्रलेखिकेला ते पटते, पण मग कामे मिळतील का, अशी भीतीही वाटते. त्या विचारतात: क्लायंटला आपल्या गरजा आधी नीट लिहून द्यायला कसे लावावे? अशा क्लायंटना सरळ नकार द्यावा का? आणि हाती असलेले हे काम आता कसे संपवावे?

उत्तर:

तुमचा वैताग रास्त आहे. सात महिने तीच तीच स्क्रीन पुन्हा रंगवत बसणे कोणालाही नकोसे होईल. पण त्या वैतागाच्या मुळाशी एक गृहीतक आहे, त्याकडे आधी पाहू. काय हवे आहे हे शेठना मनातून माहीत आहे आणि आळसामुळे, घाईमुळे किंवा तुमच्या वेळेची किंमत नसल्यामुळे ते सांगत नाहीत, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. आयुष्य बाजारात घालवलेल्या व्यापाऱ्याला आपला धंदा खडानखडा माहीत असतो. मात्र त्या धंद्यातला कोणता भाग फोनच्या पडद्यावर आणायचा, कोणता तोंडी व्यवहारातच ठेवायचा आणि कोणता मुळात कोणाला दिसताच कामा नये, हा विचार करण्याची वेळ त्यांच्यावर तुम्ही येईपर्यंत आलेलीच नव्हती. जे ज्ञान अजून तयारच झालेले नाही ते लिहून मागितले, तर समोरचा माणूस एक तर गप्प बसतो किंवा दुसऱ्याच्या ॲपचे स्क्रीनशॉट पाठवतो. तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

तुमच्या मित्राचा उपाय संगणक व्यवसायाने फार पूर्वी करून पाहिला आहे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांविषयी एक निबंध लिहिला. आधी गरजा, मग आराखडा, मग कोड, मग तपासणी अशी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी त्यातील आकृती जगभर गेली. पण ही पद्धत अशीच्या अशी राबवणे जोखमीचे आहे आणि तिच्यात अपयशाला आमंत्रण आहे, असेही त्याच निबंधात म्हटले होते, शिवाय क्लायंटला अधल्यामधल्या टप्प्यांवर सामील करून घ्यावे असेही सुचवले होते. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा तिथेच सोडला. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी एकत्र येऊन जो जाहीरनामा काढला, त्यात करारावरच्या वाटाघाटींपेक्षा क्लायंटसोबत मिळून काम करण्याला अधिक महत्त्व दिले गेले, ते बरेचसे या अनुभवातूनच. आणि सगळे लिहून देणारा क्लायंट मिळाला म्हणजे सुटलो, असेही समजू नका. साठ पानांचा दस्तऐवज पुढे ठेवणारे क्लायंट असतात; त्यातली निम्मी पाने कुठल्या तरी जुन्या निविदेतून उचललेली असतात आणि ती क्लायंटने स्वतःही वाचलेली नसतात. मला अशा दस्तऐवजाची धास्ती अधिक वाटते, कारण अर्धवट तोंडी वाक्याबद्दल प्रश्न विचारायला जागा असते, तर छापील चुकीच्या वाक्याखाली दोघांच्या सह्या होऊन गेलेल्या असतात.

आता थोडे कटू वाटेल असे. तुमच्या कोटेशनमधली ओळ पुन्हा वाचून पाहा: ‘मोबाइल ॲप, ॲडमिन पॅनेल आणि आवश्यक ते बदल.’ यातले आवश्यक काय, हे कोणी ठरवायचे? शेठच्या मते मुलाला आवडेपर्यंतचा प्रत्येक बदल आवश्यक आहे, आणि तुमच्या कागदानुसार ते चूक ठरवता येत नाहीत. म्हणजे या व्यवहारात संदिग्ध बोलणारा पक्ष एकच नव्हता. फरक इतकाच की त्यांची संदिग्धता त्यांना न परवडणारी अजून ठरलेली नाही, आणि तुमची तुम्हाला महिन्यागणिक महाग पडते आहे.

अर्थात, शब्द मोघम असले म्हणजे अर्थ नसतोच असे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम २९ सांगते की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल असतो. त्या कलमाखालचे पहिले उदाहरण असे आहे: ‘अ’ने ‘ब’ला शंभर टन तेल विकायचे कबूल केले, पण तेल कोणते हे कळायला काहीच मार्ग नाही, म्हणून करार निरर्थक. मला अधिक आवडते ते त्याच्या पुढचे एक उदाहरण. विकणारा केवळ खोबरेल तेलाचा व्यापारी असेल, तर शब्द तेच असूनही तो करार शंभर टन खोबरेल तेलाचा ठरतो, कारण त्याच्या धंद्यावरून अर्थ लागतो. हे मी कोर्टकचेरीसाठी सांगत नाही. शेठ ‘सोपं ॲप’ म्हणाले तेव्हा त्या शब्दांचा अर्थ त्यांच्या गाळ्यात, त्यांच्या खातेवहीत आणि फोनवरच्या बोलण्यात पडून होता, आणि तो शोधण्यासाठी वागळे इस्टेटमध्ये बसून शब्दांचा कीस काढण्याचा फारसा उपयोग नव्हता, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिथे जाण्याआधी ही संदिग्धता कोणत्या जातीची आहे ते ओळखा, कारण औषध त्यावर अवलंबून आहे. कधी क्लायंटला खरोखरच ठाऊक नसते. तिथे प्रश्न विचारून काही निष्पन्न होत नाही, काहीतरी करून दाखवावे लागते. कधी ठाऊक असते पण सांगता येत नाही, कारण ज्या गोष्टी माणूस रोज करतो त्या सांगण्यासारख्या आहेत असे त्याला वाटतच नाही. तिथे शेजारी बसून पाहावे लागते. कधी दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी ठाऊक असतात आणि ती एकमेकांशी बोललेली नसतात. आणि कधी क्लायंटला सगळे ठाऊक असूनही तो मुद्दाम ठरवत नाही, कारण ठरवले की जबाबदारी येते, आणि न ठरवता काम पुढे जात असेल तर त्याचा भुर्दंड दुसऱ्याला बसतो. हा चौथा प्रकार वाईट. पण पहिल्या तीन प्रकारांतल्या क्लायंटलाही आपण वैतागून चौथ्यात ढकलतो, असे मला पुष्कळदा दिसते. तुमच्या पत्रावरून शेठ दुसऱ्या प्रकारात बसतात, आणि त्यांचा मुलगा या कथेत आल्यापासून प्रकरण तिसऱ्यात गेले आहे. चौथ्याची चिन्हे मला दिसत नाहीत. निम्मे पैसे आगाऊ देणारा आणि प्रत्येक वेळी बैठकीला बसणारा माणूस टाळाटाळ करतो आहे, असे म्हणणे अवघड आहे.

तुमच्या पत्रात तीन डिझाइनांचा तपशील आहे, बैठकांचा आहे, व्हॉट्सॲपवरच्या निरोपांचा आहे. पण मसाला बाजारात तुम्ही कधी बसलात का, याचा उल्लेख नाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने बाजाराजवळचे तुर्भे स्टेशन काही फार लांब नाही. भर व्यवहाराच्या वेळी जा, आणि लॅपटॉप घरी ठेवून जा. घाऊक मसाल्यात फोटो पाहून कोणी माल घेत नाही. मिरची म्हटले तर ब्याडगी की गुंटूरची, देठासह की बिनदेठाची, यंदाची की शीतगृहातली, असे प्रश्न येतात. वेलदोडा दाण्याच्या आकारावर, मिलिमीटरमध्ये प्रतवारी करून विकला जातो. आणि नमुना हातात घेऊन पाहिल्यावर भावाची बोली होते. तोच माल रोखीच्या गिऱ्हाइकाला एका भावाने आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या भावाने जातो, आणि जुन्या दुकानदाराला मिळालेला भाव नव्याला कळू नये अशी काळजी घेतली जाते. आता तुमच्या दुसऱ्या डिझाइनची पहिली स्क्रीन आठवा: मालाचे सुबक फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत सर्वांसाठी एकच दर आणि ‘कार्टमध्ये टाका’चे बटण, असेच काहीसे तिचे स्वरूप असावे. ‘मजा नाही आली’ याचा अर्थ रंग आवडले नाहीत असा नसून ‘माझे भाव तुम्ही असे चव्हाट्यावर मांडणार?’ असा असू शकतो. त्यांना प्रश्न स्क्रीनबद्दल विचारला होता, म्हणून उत्तरही स्क्रीनबद्दल मिळाले. हा अर्थातच माझा अंदाज आहे. खरे-खोटे तुम्हाला तिथे बसूनच कळेल.

तिथे ‘तुम्हाला काय हवं आहे?’ हा प्रश्न विचारू नका. घडून गेलेल्या गोष्टींविषयी विचारा. काल शेवटची ऑर्डर कशी आली, फोनवर की व्हॉट्सॲपवर, ती कोणी लिहून घेतली, कशावर लिहिली, आणि ती टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणी कधी चढवली? गेल्या महिन्यात कोणत्या ऑर्डरीत घोटाळा होऊन माल परत आला? उधारी थकलेल्या दुकानदाराचा फोन आला तर मुनीम काय करतो, स्वतः नाही म्हणतो की शेठकडे फोन देतो? महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणारा माल एक लाख रुपयांच्या वर गेला, किंवा परराज्यात जाणारा ५० हजारांच्या वर गेला, की ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद, लागते. ऑर्डरीत ऐन वेळी दोन गोण्या वाढल्या आणि रक्कम त्या मर्यादेपलीकडे गेली, तर ते कोणाच्या लक्षात येते? अशा प्रश्नांना कोणताही व्यापारी मोघम उत्तर देत नाही. आणि मुनिमाशी बोलल्याशिवाय परत येऊ नका. ॲप वापरणार तो आणि पलीकडचे दुकानदार. शेठ फक्त पैसे देणार आहेत. ज्या दुकानदारांसाठी हे सगळे चालले आहे त्यांच्यापैकी दोघा-तिघांना ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत जाऊन भेटा. त्यांना कदाचित फक्त ‘मागच्या वेळचीच ऑर्डर पुन्हा’ एवढेच एक बटण हवे असेल.

डिझाइनच्या कामात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे विशेषणांची. गरजांचे दस्तऐवज कसे लिहावेत यासाठी ‘आयट्रिपलई ८३०’ नावाचे मानक १९८४ मध्ये आले आणि १९९८ मध्ये सुधारले गेले. पुढे त्याची जागा दुसऱ्या मानकाने घेतली. पण त्यातली एक कसोटी अजून कामाची आहे. जी अपेक्षा पूर्ण झाली की नाही हे तपासता येत नाही ती अपेक्षा अजून नीट लिहिलेलीच नाही, असे ते मानक सांगते आणि ‘नीट चालावे’, ‘इंटरफेस चांगला असावा’ ही तपासता न येणाऱ्या अपेक्षांची उदाहरणे म्हणून देते. शेठचे ‘सोपं’ याच जातीचे. पण गाळ्यातली निरीक्षणे हाती आली की त्याला आकार देता येतो: मराठी किंवा हिंदी वाचणाऱ्या दुकानदाराला कोणी न शिकवता, नेटवर्क मंद असताना, पाच जिनसांची ऑर्डर दोन मिनिटांत देता आली पाहिजे. हे वाक्य शेठपुढे ठेवा. ते ‘पाच नाही, आमची ऑर्डर वीस जिनसांची असते’ असे म्हणाले, तर तुम्हाला आयतीच एक नवी गरज सापडली.

‘भारी’ या मागणीचे मात्र असे वाक्य होत नाही. तिथे नमुनेच दाखवावे लागतात. एकाच कल्पनेच्या तीन छटा दाखवण्याऐवजी एकमेकांच्या अगदी विरुद्ध दोन गोष्टी दाखवा, एक साधी, ठळक अक्षरांची आणि दुसरी चित्रांनी भरलेली, आणि ‘कोणतं आवडलं?’ असे न विचारता ‘तुमचा सगळ्यात जुना दुकानदार यातलं कोणतं वापरेल?’ असे विचारा. आवडीचा प्रश्न माणसाला परीक्षक बनवतो, वापराचा प्रश्न त्याला जाणकार बनवतो. शिवाय पहिल्या खेपेला रंगीत, पूर्ण झालेली स्क्रीन दाखवूच नका. कागदावर पेनाने काढलेली चौकट पाहिली की लोक व्यवहारावर बोलतात. चकाकणारी स्क्रीन पाहिली की लोगो थोडा मोठा करण्यावर बोलतात. तुमच्यासारख्या कसबी डिझायनरला हे जिवावर येईल याची मला कल्पना आहे.

मुलाच्या स्क्रीनशॉटविषयी. त्यांची चेष्टा करण्याचे कारण नाही, कारण त्यांतही माहिती असते, फक्त ती ‘असं करा’ या शब्दांत नसते. त्याला शांतपणे विचारा की या ॲपमधली नेमकी कोणती गोष्ट आपल्याकडे असावी असे त्याला वाटते. ऑर्डर कुठपर्यंत पोहोचली हे दिसणे, असे तो म्हणाला तर ती रास्त मागणी आहे, आणि टेम्पो कुठे आहे हे कोण कळवणार, हा त्यापुढचा प्रश्न. केवळ लाल रंग आवडला असेल तर तेही कळून जाईल. खरी अडचण वेगळी आहे: शेवटचा शब्द कोणाचा, हे त्या घरात ठरलेले नाही, आणि वडिलांच्या देखत मुलाला किंवा मुलाच्या देखत वडिलांना चूक ठरवणे तुम्हाला शोभणारे नाही. म्हणून व्यक्तींची निवड करू नका, विषय वाटून मागा. भाव, उधारी आणि कोणाला काय दिसावे, यावर शेठ. दिसणे, भाषा आणि सूचनांचे मेसेज, यावर मुलगा. ‘दोघांचं मार्गदर्शन आम्हाला हवंच आहे, फक्त कोणत्या गोष्टीसाठी कोणाला विचारू एवढं सांगा,’ असे म्हटले की त्यात कोणाचा अवमान होत नाही आणि बहुतेक वेळा ते दोघेच आपसात ठरवून टाकतात.

लिहिण्याविषयी तुमच्या मित्राचे अर्धे म्हणणे बरोबर आहे: सगळे लेखी हवे. फक्त ते लिहिण्याचे काम तुमचे आहे. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी, शेठ सहज वाचतील त्या भाषेत, फोनच्या एका पडद्यावर मावेल एवढा मजकूर पाठवा: आज काय ठरले, काय ठरायचे राहिले, आम्ही काय गृहीत धरले आहे आणि काय या कामात येत नाही. शेवटची बाब लिहायला बहुतेकांना संकोच वाटतो, आणि पुढची भांडणे तिच्यावरूनच होतात. ‘टॅलीशी जोडणी या टप्प्यात नाही’ असे वाक्य वाचले की क्लायंट ताबडतोब फोन करतो, आणि हा फोन सहाव्या महिन्यापेक्षा पहिल्या आठवड्यात आलेला बरा. उत्तर आले नाही तर काय, हेही त्याच मजकुरात असावे: शुक्रवारपर्यंत काही कळवले नाहीत तर आम्ही याप्रमाणे पुढे जाऊ, नंतरचा बदल वेगळा धरू. गप्प राहण्याला होकार मानणे तेव्हाच न्यायाचे, जेव्हा तसे आधी सांगितलेले असते.

आता पैसे, खरे तर तुमचा सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. गरजा शोधणे हे कामच आहे आणि ते तुम्ही आजवर फुकट करत आला आहात. फुकट असल्यामुळेच ते घाईत आणि वाईट होते. यापुढे पहिला टप्पा वेगळा काढा. दोन-तीन आठवड्यांचा, ठरावीक रकमेचा, आणि त्याच्या शेवटी क्लायंटच्या हातात काहीतरी पडेल असा: कामाचा प्रवाह दाखवणारे एक चित्र, कागदी स्क्रीन, गरजांची क्रम लावलेली यादी आणि पुढच्या कामाचा खर्चाचा अंदाज. हे घेऊन ते दुसऱ्या कोणाकडेही जाऊ शकतात, असे स्पष्ट सांगा. नुसत्या बोलण्याचे पैसे वाशीचा व्यापारी देणार नाही, असे तुमचे उत्तर असेल. काही जण देणार नाहीतच. पण ‘बोलण्याचे’ पैसे मागू नका, ‘अंदाजाचे’ मागा, आणि पुढचे काम तुम्हालाच मिळाले तर ही रक्कम त्यातून वजा होईल असे म्हणा. नमुना पाहिल्याशिवाय सौदा न करणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावणे सोपे असते. मुख्य कामाचे दर मग टप्प्याटप्प्याने ठेवता येतात. एकरकमी ठरवायचे असेल तर किती वेळा बदल करून मिळतील ते आकड्यात लिहा. बदल अमर्याद हवे असतील तर दर दिवसाचा किंवा आठवड्याचा ठेवा. एकरकमी किंमत आणि मोकळी मागणी या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर येऊ देऊ नका.

स्टुडिओची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, नसेल तर ती करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही मुदत लिहिलेली असली तरी, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि काम हाती पडल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारले असे धरले जाते. ‘मजा नाही आली’ असे फोनवर म्हणणे लेखी हरकत नव्हे. हे कलम पहिल्याच बैठकीत फडकावू नका; पण काम सुपूर्द केल्याची तारीख ईमेलवर नोंदवण्याची सवय लावून घ्या, म्हणजे गरज पडल्यास हाताशी काही असेल.

नकार द्यावा का? संदिग्ध बोलतो म्हणून देऊ नये. मग तुमच्याकडे कोणीच उरणार नाही. नकाराची कारणे वेगळी आहेत. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना भेटू देत नाही, निर्णय कोणाचा हे विचारूनही सांगत नाही, अर्धवट केलेले काम पाहायला वेळ देत नाही आणि तरीही शेवटची तारीख व एकरकमी किंमत मात्र आजच मागतो, असा क्लायंट असेल तर हात जोडावेत. यातले एखादे लक्षण कोणातही असते. चारही एकत्र दिसली तर पैसे कितीही असोत, पुढे जाऊ नये असे माझे मत आहे.

राहिले हाती असलेले काम. चौथे डिझाइन करू नका; मुलाने मागितले तरी करू नका. आधी एक दिवस शेठच्या गाळ्यात घालवा, मग शेठ आणि मुलगा दोघांनाही एकत्र बसवून, हिशेब मागायला आलो आहोत असे वाटू न देता, आजवर काय झाले ते तारखांसह एका पानावर मांडा. त्यानंतर त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवा. पहिली: ठरलेल्या चार लाखांत एक लहान ॲप, ज्यात फक्त ओळखीचे दुकानदार आत येतील, प्रत्येकाला फक्त स्वतःची मागची ऑर्डर दिसेल, भाव फोनवरच ठरेल आणि ऑर्डर मुनिमाकडे एका यादीत जमा होईल, ते सहा आठवड्यांत शेठनी निवडलेल्या दहा दुकानदारांच्या हाती द्यायचे आणि उरलेल्या दोन लाखांपैकी निम्मे त्या दिवशी, निम्मे महिनाभर वापरल्यावर घ्यायचे. बाकीचे सारे, अगदी टेम्पोचा माग काढण्यासह, दुसऱ्या यादीत, वेगळ्या दराने. दुसरी वाट: इथेच थांबायचे, झालेल्या कामाचा हिशेब करायचा आणि डिझाइन व कोड त्यांच्या हवाली करायचे. शेठ पहिली वाट निवडतील असा माझा कयास आहे, कारण सात महिन्यांनी का होईना, काहीतरी चालताना दिसणे त्यांनाही हवे असणार.

दुसरी वाट निवडली गेली तर एक गोष्ट विसरू नका. कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तुमच्यासारख्या स्वतंत्र स्टुडिओने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे हक्क, करारात वेगळे काही नसेल तर, तुमच्याकडेच राहतात आणि ते दुसऱ्याला द्यायचे तर सहीचा लेखी कागद लागतो. तो कागद शेवटचे पैसे खात्यात जमा झाल्यावर द्या, आधी नको. आणि त्यावर कोणती स्क्रीन, कोणता कोड आणि कोणत्या तारखेपर्यंतचा, हे नाव घेऊन लिहा.